गादीवरचा भोपळा

श्रावण लागला की मंडईत तांबडे भोपळे दिसायला लागतात. हल्ली सगळे फोडीच नेतात. भाजीवाली पोत्यावर अख्खा भोपळा आडवा धरते, कोयत्याचा एक घाव घालते, दुसऱ्या घावात फोड सुटी करते आणि विचारते, "केवढा दिऊ, आक्का?" बाईनं अख्खा भोपळा फोडू नये, पहिला घाव पुरुषाचा, मग पुढं बायकांनी हवा तेवढा चिरावा, अशी आमच्याकडची रीत. ती कुणी मोडलेली नाही, फक्त पाळायची वेळ येत नाही. फोड घरी येते तेव्हा पहिला घाव बाजारात पडून गेलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा बाईनंच घातलेला असतो. याची कुणाला अडचण वाटत नाही. मलाही नाही. मी पाव किलोची फोड घेते आणि मिरच्यांकडं वळते. पण भोपळा फुटतानाचा तो ओला, दबका आवाज कानावर पडला की पिशवी या हातातून त्या हातात घेण्याचं निमित्त करून मी जरा थांबते.

मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर आणि मागं परडं. परडं म्हणजे न्हाणीचं पाणी जिरावं म्हणून सोडलेला जमिनीचा तुकडा. चार खाटा टाकल्या तर पाचवीला जागा नाही, एवढाच. त्यात आण्णा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी भोपळ्याचा एक वेल लावायचे आणि त्या वेलावर एकच फळ ठेवायचे. बाकीची कळी दिसली की खुडायची. खुडलेली कोवळी फळं आई भाजीला घ्यायची आणि जास्तीच्या नर फुलांची भजी करायची. सगळा वेल एका फळासाठी राबायचा. आण्णा उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लेथवर लोखंड सुतासुतानं कमी करायचं आणि घरी आल्यावर एखादी गोष्ट वाढताना बघायची, हे त्यांना बरं वाटत असावं. तसं ते कधी बोलले नाहीत. आमच्या घरात असलं कुणी बोलत नसे.

बी चंदगडचं. आण्णांची थोरली बहीण तिकडं दिली होती. तिच्या शेताच्या बांधावर असले राक्षसी भोपळे व्हायचे. तिथल्या पावसात काहीही मोठं होतं, असं आई म्हणायची. पण आमच्या परड्यातही ते झाले. एका वर्षी तर दोघांनी पोत्यात घालून उचलला, आणि गल्लीच्या टोकाला धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला तेव्हा मागं तालमीतली पोरं, पुढं आण्णा, अशी मिरवणूकच झाली. दुकानदारानं वजन मोठ्यानं वाचलं. आण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सगळ्यांना चहा पाजला.

भोपळा काढून सोप्यात, पुढच्या खोलीत, आणला की शेजारचा इस्माईलचाचा त्याच्यासाठी जुन्या कापसाची गादी घेऊन यायचा. चाचा पिंजारी, गाद्या-रजया शिवायचा. ओल्या फरशीवर ठेवलं तर फळ खालून ओल धरतं, म्हणून गादी. ती टाकताना दरवर्षी त्याचं काहीतरी ठरलेलं असायचं.

"आण्णा, पोरीच्या लग्नाला गाद्या सांगशील म्हणून वाट बघालोय मी. तू भोपळ्यालाच सांगालास."

"भोपळा घरात ऱ्हातोय. पोरगी जाणार. कुणाला गादी द्यावी, तूच सांग."

"मग अभ्रा शिवू का?"

"फुलाफुलाचा शीव."

माझं लग्न पुढं झालं नाही. त्याची कारणं इथं नकोत. पण ही चेष्टा चालायची तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते आणि मलाही हसू यायचं.

फोडायचा दिवस संक्रांतीच्या आतला कुठलाही. आण्णा आंघोळ करून, टोपी घालून बसायचे. कोयता टेकवायचे आणि लाकडी मोगरीनं वरून ठोकायचे. तो एक आवाज झाला की त्यांचं काम संपलं. बी काढायचं काम माझं, अगदी लहान असल्यापासून. कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत गार असतं, आणि धागे बोटांना धरून ठेवतात. बिया धुवायच्या, राखेत घोळायच्या, सुपात वाळवायच्या, आणि त्यातल्या सगळ्यात टपोऱ्या फडक्यात बांधून तुळईला टांगायच्या. उरलेल्या गल्लीत वाटायच्या. गल्लीतल्या कुणाचाच भोपळा आमच्याएवढा झाला नाही, कारण त्यांना कळ्या खुडवायच्या नाहीत.

लहानपणी एकदा आण्णांच्या खांद्यावर बसून मी ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर गेले होते. अंबाबाईची पालखी येते, आणि देवीसमोर एक कुमारिका कोहळा भेदते. माझ्याच वयाची पोरगी, नटवलेली, घाबरलेली. कोहळा फुटला आणि क्षणात एवढी माणसं तुकड्यांसाठी तुटून पडली की ती पोरगी दिसेनाशीच झाली. घरी येताना मी विचारलं, "तिथं पोरगी फोडती की. मग आपला मी का नको?"

आण्णांनी मला खांद्यावर नीट बसवलं. मग म्हणाले, "ती देवीची पोरगी. तू माझी. तू बी काढायचं. फोडाय काय, कुणीबी फोडतंय."

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते, अजूनही तेच करते. आण्णांच्या पायावर सूज दिसली म्हणून मीच रक्त काढून नेलं. आकडा आला तेव्हा मी मशीनला दोष दिला आणि टेस्ट परत लावली. आकडा तोच होता. त्या दिवशी बाकीचे सगळे रिपोर्ट लिहून झाल्यावर मी तो लिहिला. मग डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मिरज. पहाटेची गाडी, संध्याकाळी परत. दादा, माझा मोठा भाऊ विलास, पुण्याला भोसरीत कंपनीत होता. तो सुट्टी मिळेल तसा यायचा. बाकी आम्ही दोघंच जायचो.

किडनीच्या पेशंटला पाणी मोजून. दिवसाचा एक तांब्या, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. तांबडा भोपळा तर वर्ज्यच. डॉक्टरांनी खायच्या आणि न खायच्या वस्तू सांगितल्या तेव्हा आण्णा हसले. "पिकवायला चालंल न्हवं?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना कळलं नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत मुळं धरावीत म्हणून आण्णा वैशाखातच करवंट्यांत बी घालायचे. त्या वर्षीही घातलं, फडक्यातलं होतं तेवढं सगळं. ऊन मी म्हणत होतं. आण्णा तोंडात बर्फाचा खडा धरून परड्यात बसायचे आणि करवंट्यांना पाणी घालायचे. वेल जमिनीत लावल्यावर बादलीच लागायची. डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडलेली, त्या हातानं वजन उचलायचं नाही. म्हणून बादली मी न्यायची आणि ते उजव्या हातानं तांब्या तांब्या घालायचे. सुकलेल्या ओठांचा माणूस आळ्यात पाणी ओतत बसलाय आणि माती ते घटाघटा पिते आहे. आई तिकडं बघायची नाही. दाराकडं पाठ करून तांदूळ निवडायची.

आषाढात पावसानं परागकण धुऊन जातात, मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून फुलांचं काम हातानं करावं लागतं. सकाळी फूल उमललं की लगेच. नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. मादी फूल ओळखायचं ते त्याच्या बुडाशी असलेल्या गोट्याएवढ्या भोपळ्यावरून. आण्णांचा हात कापायला लागला होता. ते छत्री धरून उभे राहिले आणि मला सांगायला लागले. आई आतून म्हणाली, "सकाळी सकाळी पोरीला काय शिकवालाय?"

"भोपळ्याचं लगीन लावालोय. अक्षता घिऊन ये."

आई अक्षता घेऊन आली नाही, पण दारात येऊन उभी राहिली. आणि मी जरा हात लांब करून "हे धरलेलं दिसतंय" म्हटल्यावर ओरडली, "बोट दाखवू नकोस. कुजतंय." कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच तर बोट वाकवून. लॅबमध्ये काम करणारी मी, पण मी बोट वाकवलं.

फळ धरलं. खाली फळी, फळीवर गवत, वर मोडकी छत्री. दोन आठवड्यांत नारळाएवढं, मग घागरीएवढं. मिरजेहून आलं की आण्णा कपडे न बदलता आधी परड्यात जायचे. एकदा परतीच्या गाडीत, जयसिंगपूर मागं टाकल्यावर, त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, "संक्रांतीच्या आत फोडा. लई ठेवला तर आत बी उगवतंय. अक्काच्या बांधावर आता काजू लावल्यात, तिच्याकडं बी न्हाय. आपल्याकडं हाय तेवढंच."

"तुम्हीच फोडणार आहात."

"इलास फोडंल. न्हायतर इस्माईल. पण बी तू काढ."

"मीच फोडला तर?"

त्यांनी एक डोळा उघडला. "तुझ्या आईला इचार," म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

श्रावण सरता सरता ते गेले. मिरजेलाच.

सुतकात परड्याकडं कोण बघणार. चार-पाच दिवसांनी मी धुणं टाकायला मागं गेले तर पानं बाजूला सारून भोपळा बाहेर आला होता. छत्री त्यानं तिरकी करून टाकली होती. आण्णा होते तेव्हापेक्षा आता तो मोठा होता. मला राग आला. झाडाझुडपांवर रागावण्याइतकी मी बावळट नाही, पण आला. मग छत्री सरळ केली आणि धुणं टाकून आत आले.

तेराव्याला चंदगडची आत्या आली. त्या स्वयंपाकात भोपळ्याची भाजी लागते. आईनं मंडईतून फोड आणायला लावली. आत्यानं परडं बघितलं होतं. ती म्हणाली, "दाराशी हत्ती बांधलायस आणि बाजारातनं शेपूट आणतीस व्हय गं?"

"कवळा हाय अजून," आई म्हणाली. ते खरंही होतं.

ऑक्टोबरात वेल वाळला. तालमीतल्या चार पोरांनी भोपळा सोप्यात आणला. इस्माईलचाचा न सांगता गादी घेऊन आला. आण्णांची खाट असायची त्या जागी त्यानं ती टाकली, दोन्ही हातांनी सपाट केली, भोपळा वर बसेपर्यंत थांबला, आणि काही न बोलता गेला. चाचा न बोलता गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. काट्यावर न्यायचं कुणी नाव काढलं नाही. त्या भोपळ्याचं वजन किती होतं, मला माहीत नाही.

दिवाळीला दादा आला. सण नव्हताच. पण लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो आंघोळ करून, टोपी घालून आला आणि कोयता कुठं आहे म्हणाला. मी कोयता आणि मोगरी काढून दिली. आई स्वयंपाकघरातून आली.

"आज नको. अमावस्या हाय."

ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दादानं पुन्हा विचारलं. "पाडव्याला कोण कापाकापी करतंय?" हेही ठीक. भाऊबीज झाली. दादा म्हणाला, "आई, मला रात्रीच्या गाडीनं जायचंय. आता फोडतो." आई म्हणाली, "जाताना कोयता हातात घिऊ नको. पोचल्यावर फोन कर."

तो गेला आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातला पुरुष घरात होता. डोक्यावर टोपी होती, हातात कोयता होता. रीतीला लागतं ते सगळं होतं. तरी भोपळा फुटला नाही. आईला कुणाची वाट बघायची नव्हती. तिला फक्त तो फुटायला नको होता.

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला समजावून सांगितलं. आण्णांनी गाडीत काय सांगितलं तेही सांगितलं. बी आपल्याकडं आहे तेवढंच, आतच उगवलं तर संपलं. आई भोपळा पदरानं पुसत होती. रोज पुसायची. देठापासून खाली, शीर शीर धरून.

"कुठं जातंय बी?" ती म्हणाली. "आत हाय की."

"आत कुजेल आई. नाहीतर उगवेल."

"फोडला की संपला. आत हाय तवर हाय."

आण्णांच्या हातचं त्या घरात एवढंच उरलं होतं जे अजून पुरं व्हायचं होतं. बाकी त्यांचे कपडे वाटून झाले होते, चष्मा पेटीत गेला होता, कारखान्यातून त्यांचा डबा परत आला होता. मला बी वाचवायचं होतं आणि तिला भोपळा. दोन्ही वाचणार नव्हतं, आणि कोयता लपवून ठेवण्याइतकी ती हट्टाला पेटली होती. तो धान्याच्या डब्यात होता. मला ठाऊक होतं. मी काढला नाही. संक्रांत आली. इस्माईलचाचा तिळगूळ घ्यायला आला, भोपळ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "वैनी, मी फोडू का?" "इलास येऊ दे." "बरं," म्हणाला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तो हिवाळा असा गेला. मी लॅबमधून यायची, आई दिवा लावून भोपळ्याशेजारी वाती वळत बसलेली असायची. त्याचा रंग गडद होत गेला, विटेसारखा, मग त्याहून तांबूस. गल्लीतल्या बायका बसायला यायच्या त्या त्याला टेकून बसायच्या. घरात एक जड, गप्प माणूस असल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटायचं नाही.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एका रविवारी पुसताना आईचा अंगठा बुडाशी आत गेला. ती तशीच बसून राहिली, अंगठा आत. मग म्हणाली, "नंदे, डब्यातनं कोयता आण."

"चाचाला हाक मारू?"

"तू फोड."

मी टोपी कुठून आणणार. ओचा खोचला, कोयता टेकवला आणि मोगरी हाणली. तोच आवाज झाला. एका बाजूचा गर पाणी झाला होता, पण उरलेला भोपळा चांगला होता, गडद केशरी. आणि मधल्या पोकळीत धागे नव्हतेच. शेवयांसारखे पांढरे कोंब होते, एकमेकांत गुंतलेले, वाकडेतिकडे, काही वीतभर. त्यांच्या टोकाला पिवळट, मिटलेली पानं. अंधारात जिकडं वाट मिळेल तिकडं ते वळले होते आणि सालीला टेकून परत फिरले होते. एकही बी नुसतं बी राहिलं नव्हतं.

आई वाकून बघत होती. मग म्हणाली, "थांबलं न्हाईत की गं."

मी कोपरापर्यंत हात घातला. माझं काम होतं ते. जेवढे कोंब अखंड निघाले तेवढे डब्यांत, कुंड्यांत, परड्यात लावले. आईनं त्यांना दिवसभर पाणी घातलं, रात्री ओलं फडकं पांघरलं. दोन-तीन हिरवे झाले. चार पानांवर आले. मग चैत्राचं ऊन लागलं आणि एकेक करून करपले. चंदगडला आत्याला फोन करून बघितला. "कुठलं बी पोरी," ती म्हणाली, "हितं काजूच्या झाडाखाली गवतबी येत न्हाय." गल्लीत ज्यांना आम्ही बिया वाटल्या होत्या त्यांनी त्या कधीच भाजून खाल्ल्या होत्या.

चांगल्या अर्ध्या भागाचे आईनं फोडला त्याच दिवशी घारगे केले होते. घरोघरी दिले. स्वतः उभ्यानंच एक खाल्ला. "गोडी उतरली," म्हणाली आणि दुसरा घाणा टाकला.

त्या संध्याकाळी इस्माईलचाचा आला. घारगे खाल्ले, हात धुतले आणि गादी उचलायला वाकला. गादीच्या मधोमध हा एवढा गोल खड्डा पडला होता. "वैनी, न्हेतो. पिंजून, फुगवून देतो परत. पार दबलीया."

आई म्हणाली, "आज नको. अमावस्या हाय."

शिमग्याची पुनव चार दिवसांवर होती. चंद्र दारातच दिसत होता. चाचानं तो बघितला. "व्हय व्हय," म्हणाला, "अमावस्येला कापूस सोडू ने." आणि गेला.

आई पुढं त्याच गादीवर झोपली. बाजूला चांगली गादी असताना. खड्ड्याभोवती कुशीवर वळून, गुडघे जवळ घेऊन झोपायची. सकाळी उठली की कंबर धरून बसायची आणि मी काही म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची.

आता आईही नाही. इस्माईलचाचाही नाही. परड्यात दादानं स्कूटर लावायला फरशी घातली आहे. चाचाचा मुलगा सलीम फोमच्या गाद्या विकतो, पण बापाचं यंत्र त्यानं मोडीत काढलेलं नाही. या श्रावणात हवा इतकी ओली आहे की कपाटातल्या कपड्यांनाही वास येतोय. परवा मी मंडईतून आले, फोड ओट्यावर ठेवली, तेवढ्यात सलीम दारात. पिंजायचं काही आहे का विचारत गल्लीभर फिरत होता. चपला काढून आत आला आणि म्हणाला, "ताई, ही गादी तरी द्या आता. मधनं पार गेलीया. ओल धरंल, किडं पडतील."

त्याचं बरोबर होतं. कापूस जुना, दमट, मधे दगडासारखा घट्ट. आरोग्याच्या दृष्टीनंही बरं नाही. लॅबमध्ये मी लोकांना असलंच काहीबाही सांगत असते. मी पुढं झाले, गादीची एक कड उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

"आज नको," मी म्हटलं. "अमावस्या हाय."

सलीमनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. अमावस्या होऊन आठवडा झाला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गादीकडं.

"व्हय ताई," तो म्हणाला, आणि पायात चपला अडकवल्या.